शिपायाची बिशाद

यंदाच्या स्मरणिकेसाठी आपल्या ज्ञातीच्या पूर्वेतिहासावर चार शब्द लिहावेत, अशी मंडळाच्या चिटणीसांची सूचना आली. पूर्वेतिहास म्हटला की सनदा, वतने, गाजलेल्या लढाया आणि थोरामोठ्यांची चरित्रे डोळ्यांपुढे उभी राहतात. आणि या विषयांवरील लेख वाचकांनी मागील अंकांतून पुष्कळ वाचले आहेत. म्हणून यंदा आम्ही वाचकांस दरबारात न नेता आपापल्या घराच्या माळ्यावर नेणार आहोत. तेथे जुन्या पेटाऱ्याच्या तळाशी एखादी गंजलेली तलवार, कातडे सुटलेली ढाल, भाल्याचे फाळ किंवा पलटणीतला पितळी बिल्ला पडलेला असेल. तो आपल्या इतिहासाचा कागद आहे, आणि तो दिवसेंदिवस फाटत चालला आहे, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.

सन २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे काही वर्षांच्या बोलीने महाराष्ट्रात आली व सातारच्या संग्रहालयात ठेवली गेली. पुढच्याच वर्षी नागपूरकर रघूजी भोसले यांची म्हणून लंडनच्या लिलावात निघालेली तलवार आपल्या राज्य शासनाने सुमारे ४७ लाख रुपयांस घेऊन स्वदेशी आणली. दोन्ही गोष्टींनी आम्हांस आनंद झाला, कोणास झाला नसेल? परंतु त्याच वेळी मनात एक प्रश्न आला. अशा सरदारांच्या मागे जे हजारो स्वार दौडले आणि जे पायदळ उन्हापावसात डोंगर चढले, त्यांच्या तलवारी कोठे गेल्या? त्यांचा लिलाव कोणी पुकारला नाही आणि त्यांस परत आणण्यास कोणी गेले नाही. कारण त्या परदेशी गेल्याच नव्हत्या. त्या येथेच, आपल्याच घरांत, आपल्याच हातांनी नाहीशा झाल्या.

बारगीर आणि शिलेदार

साध्या शिपायाचे सामान कोणाचे होते, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. मराठी घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. बारगिरास घोडा व हत्यार सरकारातून मिळे. शिलेदार आपला घोडा, आपले हत्यार व आपले सामान घेऊन चाकरीस येई. बारगिराची तलवार सरकारची असल्यामुळे ती सरकारजमा होई. शिलेदाराची मात्र घरची दौलत होती. बापाची तलवार मुलाकडे आणि मुलाची नातवाकडे जाई. आज एखाद्या घरात जुने हत्यार निघाले तर ते शिलेदारीचे असण्याचा संभव अधिक, तो याच कारणाने. शिलेदाराचा घोडा पडला तर त्याची रोजी बुडे. म्हणून शिलेदार आपल्या घोड्यास जपून लढे, असा शेरा पुष्कळ इतिहासकारांनी मारला आहे. त्यास भित्रेपणा म्हणण्यापूर्वी, त्या घोड्यावर किती जणांचे पोट होते, हे ध्यानात घ्यावे. सामान कोणाचे हे कळले म्हणजे माणूस असा का वागला, हेही कळू लागते.

कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ मध्ये जिंजी येथे शिवछत्रपतींची बखर लिहिली. त्यात लष्कराची रचना सांगताना त्याने बारीकसारीक गोष्टीही टिपल्या आहेत. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद! पाणी वाहणारा व नाल ठोकणारा यांची गणना सरनोबताच्या बरोबरीने करणाऱ्या त्या बखरकारास आम्ही मनोमन वंदन करतो. पावसाळ्यात लष्कर छावणीस राही आणि दसऱ्यास मोहिमेवर निघे. निघतेवेळी लहानथोर सर्वांच्या बिशादीचा, म्हणजे जवळच्या चीजवस्तूंचा, जाबता करून ठेवावा आणि परत आल्यावर त्याच्याशी ताडून पाहावे, असा महाराजांचा नियम होता. मुलुखगिरीत मिळालेला माल कोणी दडवू नये, हा त्यातील हेतू होता.

‘तुझी काय बिशाद!’ असे आपण आज सहज बोलून जातो. तेथे बिशाद म्हणजे धमक, ऐपत. पण शब्दाचा मूळ अर्थ जवळचे भांडवल, सरंजाम असा आहे. शिपायाची धमक आणि शिपायाचे सामान या दोन्हींस आपल्या भाषेने एकच शब्द वापरावा, यात मोठे मर्म आहे.

अंगावर काय असे?

ग्रँट डफ याने १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात साध्या शिपायाच्या वेषाचे व हत्यारांचे वर्णन आहे. स्वाराच्या पायांत घट्ट चोळणा, डोईस पागोटे, अंगात कापूस भरून शिवलेली जाड बंडी आणि कमरेस शेला. तलवार आणि ढाल बहुतेकांजवळ असे, काहींजवळ तोड्याची बंदूक असे. पण स्वाराचे खरे हत्यार भाला. मावळे आणि हेटकरी हे पायदळाचे लोक. हेटकरी, म्हणजे कोकणपट्टीचे लोक, नेमबाजीत तरबेज होते व चकमकीच्या चापाची बंदूक वापरीत. आणखी एक गोष्ट डफ नमूद करतो. दर दहा माणसांमागे एकाजवळ बंदुकीऐवजी धनुष्यबाण असे. कारण रात्रीच्या छाप्यात बाण आवाज करीत नाही.

आता यातील आज काय उरले आहे, याचा हिशेब मांडून पाहू. पागोटे, बंडी, शेला ही सुताची. ती वापरून फाटली व त्यांची लुगडी-धोतरांप्रमाणेच शेवटी फडकी झाली. भाल्याची काठी वेळूची. तिला कसर लागली. बाणाचा, धनुष्याचा, बंदुकीच्या तोड्याचा मागमूस नाही. घोड्याचे खोगीर, तंग, तोबरा, अगाडी-पिछाडीचे दोर, पाण्याची कातडी पखाल यांपैकी एखादी वस्तू क्वचितच कोठे आढळते. राहिले ते फक्त लोखंड. त्यामुळे संग्रहालयात गेलेल्या मुलास वाटते की आपला पूर्वज म्हणजे नुसती तलवार. त्यास भूक नव्हती, तहान नव्हती आणि घोड्याच्या दाण्याची काळजी नव्हती. वस्तुतः मोहिमेतील दिवसांपैकी तलवार उपसण्याचे दिवस थोडे आणि घोडा बांधण्याचे, चूल पेटविण्याचे व ओल्या घोंगडीत झोपण्याचे दिवस फार. त्या दिवसांची आठवण वस्तूंतून गेली, पण भाषेने थोडी राखली आहे. निरुपयोगी माणसांचा वा मजकुराचा भरणा दिसला की आपण ‘खोगीरभरती’ म्हणतो. तोंड गच्च भरून खाणाऱ्यास ‘तोबरा भरला’ म्हणतो. शब्द जिवंत आहेत. खोगीर आणि तोबरा मात्र गेले.

लोखंडदेखील सारे राहिले नाही. सरदाराच्या तलवारीवर सोन्याचे काम असे. ती खजिन्यात राहिली आणि वाचली. साध्या शिपायाची तलवार मोडली की लोहाराकडे जाई व तिचा कोयता किंवा विळा होई. यात त्या बिचाऱ्याचा दोष नाही, त्यास कोयत्याची गरज होती. पुढे इंग्रजी अमलात १८५७ च्या उठावानंतर लोकांजवळची शस्त्रे काढून घेण्याचे धोरण कडक झाले आणि १८७८ च्या कायद्याने परवान्यावाचून हत्यार बाळगण्यावर निर्बंध आले. कित्येकांनी शस्त्रे विहिरीत टाकली, कित्येकांनी भिंतीत चिणली, असे आमच्या लहानपणी जुनी माणसे सांगत. अशा रीतीने जी वस्तू एके काळी लाखांनी होती तीच आज दुर्मीळ झाली, आणि जी मूठभरांजवळ होती ती काचेच्या कपाटातून पाहावयास मिळते.

साध्या हत्यारातही वाचण्यासारखे पुष्कळ असते. ‘फिरंग’ हे तलवारीचे नावच सांगते की तिचे पाते फिरंग्यांकडून आले. युरोपात घडलेली सरळ पाती गोव्यासारख्या बंदरांतून येत आणि आपले कारागीर त्यांवर देशी मूठ चढवीत. जर्मनीतील झोलिंगेन गावच्या कारागिरांची खूण असलेले पाते मावळातल्या घरात निघावे, यात नवल नाही. ढालीवरील चार फुले केवळ शोभेची नसतात. आतील मुठीच्या कड्यांच्या खिळ्यांस ती बाहेरून धरून ठेवतात. आतील लहान गादी हाताच्या मुठीस घाव जाणवू नये म्हणून असते. ती गादी एका बाजूस अधिक झिजलेली असली, तर तेथे कोणाच्या तरी बोटांचे हाड वर्षानुवर्षे टेकत होते, असे समजावे. हे वाचण्यास इतिहासाची पदवी लागत नाही, डोळे आणि सबुरी लागते.

पलटणीची पेटी

शिपाईगिरी १८१८ साली संपली नाही. तिचा धनी बदलला. आपल्या गावांतील माणसे मुंबई इलाख्याच्या पलटणींत गेली आणि पुढे दोन्ही महायुद्धांत समुद्रापार लढली. या काळी बंदूक सरकारची; ती जमा करूनच घरी यावे लागे. घरी येई ती पत्र्याची पेटी. तिच्यात पट्ट्याचे बक्कल, टोपीचा बिल्ला, एनॅमलची पाण्याची बाटली, नोकरी संपल्याचा दाखला आणि पदके. या वस्तूंस कोणी ‘प्राचीन’ म्हणत नसल्यामुळे त्या सर्वांत आधी टाकल्या जातात. येथे आम्हांस आमच्याच घरची एक गोष्ट सांगितली पाहिजे; सांगताना संकोच वाटतो, तरी सांगतो.

आमचे एक चुलत आजोबा पहिल्या महायुद्धात ‘बसऱ्याला’ गेले होते. मेसोपोटेमियास आमच्याकडे बसरा हाच शब्द होता. ते परत आले, शेती केली आणि निपुत्रिक वारले. त्यांना चांदीचे एक पदक मिळाले होते. आमच्या बारशाच्या वेळी घरात चणचण होती. तेव्हा आमच्या आजीने ते पदक सोनाराकडे देऊन आमच्या पायांत वाळे घडविले. आजीने हे प्रेमाने केले आणि त्या काळी सर्वांनी वाखाणले. वाळेही पुढे मोडले गेले.

पुष्कळ वर्षांनी आमच्या वाचनात आले की त्या युद्धाच्या चांदीच्या पदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असे. आमच्या घरात कोणी म्हणे आजोबा ‘जंगी पलटणी’त होते, कोणी म्हणे ‘काळी पाचवी’त. हा फरक क्षुल्लक नाही. जंगी पलटण, म्हणजे तेव्हाची १०३ वी मराठा, कुत-अल-अमाऱ्याच्या वेढ्यात सापडली होती. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत त्या लोकांनी उपासमार सोसली, घोड्याखेचरांचे मांस खाण्याची पाळी आली, आणि शरणागतीनंतर तुर्कांच्या कैदेत कित्येक मेले. काळी पाचवी, म्हणजे १०५ वी मराठा, त्या वेढ्यात नव्हती. ती नंतर त्या आघाडीवर लढली व पुढे पॅलेस्टाइनला गेली. आजोबा भाकरीचा तुकडा कधी ताटात टाकू देत नसत, एवढे आम्हांस वडिलांकडून ठाऊक आहे. ती कुतच्या उपासाची आठवण होती की नुसती शेतकऱ्याची रीत, हे आता कोण सांगणार? कडेवरच्या एका ओळीने उत्तर मिळाले असते. ती ओळ आम्ही पायांत घालून अंगणात खेळलो.

म्हणून ज्यांच्या घरी अशी पदके असतील त्यांनी आजच त्यांची कड उजेडात धरून वाचावी. दुसऱ्या महायुद्धातील पदकांवरही हिंदी शिपायांची नावे कोरलेली असत. इंग्रज शिपायांस ती विनानावाची मिळत. काही घरांत पहिल्या युद्धातील सुमारे बारा सेंटिमीटर व्यासाची ब्राँझची गोल थाळी असेल. ती मरण पावलेल्याच्या वारसांस पाठविलेली असे. तिच्यावर नाव आहे, पण हुद्दा नाही. कारण मेलेल्यांत शिपाई व अधिकारी असा भेद करू नये, असे ठरले होते. अशा थाळीत आम्ही एका घरी तुळशीपुढचे निरांजन ठेवलेले पाहिले. घरच्यांस ती काय आहे हे ठाऊक नव्हते. तरी तिचा मान आपोआप राहिला होता.

जपणूक कशी करावी?

इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव हिंडून घराघरांतील रुमाल सोडविले आणि मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड सिद्ध केले. त्यातला पहिला १८९८ चा. १९१० मध्ये पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले. त्यामुळे आपल्या कागदांस वाली मिळाला. वस्तूंच्या बाबतीत पुण्याचेच दिनकर गंगाधर केळकर यांचे नाव घेतले पाहिजे. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या या गृहस्थांनी दिवे, अडकित्ते, दरवाजे, वाद्ये, हत्यारे अशा सुमारे वीस हजार वस्तू जमविल्या, अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने संग्रहालय केले आणि १९७५ मध्ये ते शासनाच्या स्वाधीन केले. अडकित्त्यास इतिहास आहे हे ज्यांनी ओळखले, त्यांच्यापासून आपण घेण्याचा धडा असा की वस्तूचे मोल तिच्या सोन्यावर ठरत नाही.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. खंडेनवमीस घरची शस्त्रे विटकरीच्या भुकटीने, चिंचेने किंवा लिंबाने घासून लख्ख करण्याची चाल आहे. भाव उत्तम, पण घासण्याने पात्यावरील खुणा, अक्षरे आणि पोलादाचे पाणी कायमचे जाते. कोरड्या मऊ फडक्याने धूळ पुसावी व यंत्रास घालावयाच्या तेलाचा अगदी पातळ हात द्यावा. पाते बोटांनी हाताळू नये, घामाने गंज चढतो. बहुतेक तलवारींच्या मुठी राळेत बसविलेल्या असतात. कढत पाण्यात वा विस्तवाजवळ त्या ढिल्या होतात. म्यान ओल धरते, म्हणून तलवार व म्यान वेगळे पण शेजारी शेजारी ठेवावेत. ढालीच्या कातड्यास तेल चोपडू नये.

जुनी ठासणीची बंदूक निघाल्यास विशेष जपावे. अशा नळीत कधीकधी जुना बार तसाच भरलेला राहतो आणि तो जिवंत असू शकतो. तिला विस्तव लावू नये, मुलांच्या हाती देऊ नये, जाणत्यास दाखवावी. शस्त्रांसंबंधी १९५९ चा कायदा आहे. आपली वस्तू त्यात कोठे बसते हे पोलिसांच्या वा जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत विचारून घ्यावे. विचारण्यात लाज नाही. शंभर वर्षांवरील पुरावस्तू खाजगी माणसास देशाबाहेर पाठविता येत नाही, हे १९७२ च्या कायद्याने ठरले आहे.

विकत घेऊन संग्रह करणाऱ्या तरुणांसही एक विनंती. बाजारात नवी पाती तेजाबाने गंजवून जुनी म्हणून खपविली जातात, आणि एकाची मूठ दुसऱ्याच्या पात्यास जोडली जाते. घरातून हत्यार निघाले, की तलवार एकाकडे, म्यान दुसरीकडे व हकीकत कोठेच नाही, अशी अवस्था होते. कोणाचे, कोणत्या गावचे, कोणी सांगितले, हे ज्याच्याबरोबर नाही, ते कितीही जुने असले तरी नुसते लोखंड आहे. एखादे घर वस्तू देण्यास तयार नसेल तर ती मागू नये. तिची हकीकत तेवढी मागून घ्यावी. जे आपल्या घरात आहे ते तेथेच राहिले तर उत्तमच.

शेवटी मंडळापुढे आम्ही एक सूचना ठेवतो. महाराजांच्या लष्करात दसऱ्याच्या कूचापूर्वी प्रत्येकाच्या बिशादीचा जाबता होई. आपणही प्रतिवर्षी खंडेनवमीस घरोघर तसा जाबता करावा. साधी वही पुरे. वस्तूचे घरात चालत आलेले नाव, लांबी, वजन, तीवरील अक्षरे किंवा खुणा, ती कोणाची, कोणत्या गावची, आणि ही माहिती सांगणाऱ्या वडीलधाऱ्याचे नाव व वय. एक छायाचित्र जोडावे. वस्तू नसेल आणि नुसती आठवण असेल, तर आठवण लिहावी. वहीची एक नक्कल मंडळाच्या दप्तरी यावी. वस्तू कोणाची मोठी, कोणाची जुनी, अशी चढाओढ त्यात नसावी. पखालज्याची पखालही तेथे सरदाराच्या तलवारीशेजारी लिहिली जावी.

आमच्या घरच्या वहीत पहिली ओळ आम्ही लिहून ठेवली आहे: ‘चांदीचे पदक एक, बसऱ्याच्या लढाईचे, कडेवर नाव होते, वाचले नाही, आता नाही.’ आपल्या वहीची पहिली ओळ याहून बरी असावी, एवढीच ज्ञातिबांधवांस व भगिनींस आमची प्रार्थना आहे.